स्वमग्न तरुण आणि त्यांच्या हाताचे काम

मूल लहान असते तोवर आई-बाप कसल्या ना कसल्या धावपळीत असतात. डॉक्टर, थेरपी, शाळेचा प्रवेश, परीक्षेतली सवलत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलांना वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो कुठे नीट मिळतो, कुठे नावापुरता, पण निदान सकाळी दप्तर पाठीवर टाकून जायला एक जागा असते. अठरावे वर्ष सरते, शाळा दाखला हातात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता हा मुलगा करणार काय, याचे उत्तर घरात कुणाकडे नसते. मग तो झोपून राहतो, मोबाइलवर तीच ती चित्रफीत शंभर वेळा बघतो, खिडकीशी उभा राहतो. लोक म्हणतात, बिचारा शांत आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची अम्मी मात्र रात्री इशाच्या नमाजनंतर एकच दुआ मागत असते, की या अल्लाह, याच्या आधी मला नेऊ नकोस.

ही दुआ आम्ही अनेक घरांत ऐकली आहे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे शिक्षक, विशेष शिक्षणाची पदवी आमच्याकडे नाही. पण आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या चार-पाच स्वमग्न मुलामुलींच्या घरी आमचे आणि आमच्या सहकाऱ्यांचे येणे-जाणे आहे. त्यांना कामाला लावण्याच्या खटपटीत जे पाहायला, वाचायला आणि करून बघायला मिळाले, ते या लेखात मांडत आहोत.

आधी शब्दाविषयी थोडे. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. 1943 मध्ये अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांनी वापरलेल्या शब्दाच्या मुळाशी ‘स्वतः’ हा अर्थ आहे आणि मराठी शब्द तिथूनच आला. भाषेच्या शिक्षकांना मात्र हा शब्द थोडा खटकतो. ‘मग्न’ म्हटले की माणूस स्वतःतच रमला आहे, त्याला इतरांची गरज नाही, असे वाटते. प्रत्यक्षात यांतल्या अनेकांना माणसे हवी असतात, पण माणसांचे वागणे त्यांना उलगडत नाही. सूचक बोलणे, डोळ्यांची खूण, थट्टा, अर्धवट सोडलेले वाक्य या गोष्टी आपण शिकवल्याशिवाय शिकतो. त्यांना त्या एकेक करून शिकाव्या लागतात. शिवाय आवाज, वास, उजेड, कापडाचा स्पर्श हे कुणाला फार तीव्र जाणवते, कुणाला जवळजवळ जाणवतच नाही. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. ती तावीजने जात नाही आणि लग्न लावून दिल्याने तर मुळीच नाही. लग्नाचा उपाय सुचवणारे नातेवाईक भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

कुऱ्हाड आणि दांडा

हदीसच्या अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. मदिनेतला एक गरजू अन्सारी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आला. प्रेषितांनी त्याला घरात काय आहे ते विचारले. एक जाड कापड होते, अर्धे अंगावर घ्यायचे आणि अर्धे अंथरायचे. आणि पाणी प्यायचा एक वाडगा होता. प्रेषितांनी ते मागवून घेतले आणि लिलाव करून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे धान्य घरी नेण्यास सांगितले, दुसऱ्यातून कुऱ्हाडीचे पाते आणवले आणि स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवून दिला. मग त्याला लाकडे तोडून विकायला पाठवले आणि पंधरा दिवस दिसू नकोस, असे बजावले. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

भीक मागू नये, कष्ट करावेत, हे सांगण्यासाठी ही घटना आपल्याकडे बयानात नेहमी येते. आम्हाला तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी घरात काय आहे ते विचारले, म्हणजे माणसाजवळ जे आहे तिथून सुरुवात केली. मग त्या दिवसाच्या जेवणाची सोय केली. मग अवजार दिले, तेही वापरता येईल असे, दांडा बसवून. आणि शेवटी पंधरा दिवस त्याला एकटे सोडले. आपल्या घरांत पहिल्या तीन गोष्टी प्रेमाने होतात, चौथी होत नाही. मूल पंचवीस वर्षांचे झाले तरी कुणीतरी सतत त्याच्या शेजारी उभे असते.

दुसरे उदाहरण हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचे. ते अंध होते. त्यांच्यावर मदिनेत अजानचे काम सोपवलेले होते. रमजानमध्ये हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत आणि इब्ने उम्मे मक्तूम यांच्या अजानपासून रोजा सुरू होई. पहाट झाल्याचे त्यांना दिसणार कसे? लोक त्यांना सांगत की उजाडले, मग ते अजान देत. म्हणजे जे जमत नव्हते तेवढ्यापुरता आधार होता आणि बाकीचे काम त्यांचे होते. डोळ्यांचे अंधत्व आणि ऑटिझम या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण आधार किती द्यायचा याचे माप यातून मिळते.

खारीचे पाकीट

आता प्रत्यक्ष काम. आमचा एक विद्यार्थी, वय बावीस, आमच्या मोहल्ल्यातल्या एका बेकरीत खारी आणि टोस्टची पाकिटे भरतो. तो मोजके बोलतो. उर्दू चांगली वाचतो, मराठी जोडाक्षरे येईपर्यंत वाचतो. बेकरीत पाठवण्याआधी दोन महिने घरीच तयारी झाली. बेकरीवाल्या चाचांनी जुना वजनकाटा आणि रिकाम्या पिशव्या दिल्या होत्या.

आपल्याला पाकीट भरणे हे एक काम वाटते. त्याच्यासाठी ती आठ कामे होती. हात धुऊन हातमोजे घालणे, पिशवी उघडणे, ट्रेमधून खारी उचलून भरणे, काट्यावर ठेवणे, वजन कमी-जास्त करणे, लेबल टाकणे, मशीनवर पिशवीचे तोंड चिकटवणे, आणि क्रेटमध्ये ठेवणे. यांपैकी कुठली पायरी येते आणि कुठली येत नाही, हे बघितल्याशिवाय ‘त्याला जमत नाही’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. त्याला सात येत होत्या.

शिकवले ते उलट्या क्रमाने. पहिल्या आठवड्यात सगळे अम्मीने केले, त्याने फक्त तयार पाकीट क्रेटमध्ये ठेवले. मग तोंड चिकटवणे आणि क्रेटमध्ये ठेवणे. मग लेबल. अशी एकेक पायरी मागून पुढे जोडली. यात फायदा असा की काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. पहिल्या पायरीपासून शिकवले तर तो अर्ध्यावर थांबतो आणि शेवट नेहमी दुसऱ्याच्या हातून होतो.

अडले ते वजनापाशी. पाकीट 200 ग्रॅमचे. काट्यावर 203 दिसले की तो एक खारी काढून तिचा तुकडा मोडायचा, 198 झाले की पुन्हा कण टाकायचा. एका पाकिटाला वीस मिनिटे! घरचे म्हणाले, हा हट्टी आहे. हट्ट कसला? त्याला 200 सांगितले होते, तो 200 करत होता. ‘थोडे इकडे-तिकडे चालते’ हे वाक्य त्याच्या उपयोगाचे नव्हते. शेवटी काट्यावर एक चिठ्ठी चिकटवली. 200 पासून 210 पर्यंतचे अकरा आकडे एकाखाली एक लिहिले आणि वर लिहिले, ‘यापैकी कोणताही बरोबर’. त्या दिवसापासून तो प्रश्न संपला. आजही बेकरीतल्या इतर कारागिरांपेक्षा त्याची पाकिटे वजनाला जास्त नेमकी असतात, असे चाचा स्वतः सांगतात.

कामाच्या जागी टेबलावर एक तक्ता आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी 1970 च्या दशकात ‘टीच’ नावाची पद्धत उभी केली. तिच्यात कामाची मांडणी चार प्रश्नांची उत्तरे डोळ्यांना दिसतील अशी करतात: कोणते काम, किती काम, संपले हे कसे कळेल, आणि संपल्यावर काय. बेकरीत याचे रूप अगदी साधे आहे. डाव्या हाताला भरलेले ट्रे, समोर काटा, उजवीकडे वीस पाकिटांचे क्रेट. क्रेट भरले की संपले. तीन क्रेट झाले की चहा. कुणी सांगायची गरज नाही, काम स्वतःच सांगते.

तक्ता बनवताना एक गंमत झाली, ती मुद्दाम लिहितो, कारण कुठल्याही इंग्रजी पुस्तकात ती सापडणार नाही. चित्रे डावीकडून उजवीकडे लावली होती आणि हा मुलगा शेवटच्या चित्रापासून सुरुवात करत होता. उर्दू वाचणारा मुलगा, त्याची नजर उजवीकडून निघणारच! तेव्हापासून आम्ही सगळे तक्ते वरून खाली बनवतो. दोन लिप्यांत वाढलेल्या मुलांसाठी हाच मार्ग बरा.

भाषेचेही तसेच. घरात दखनी, शाळेत किताबी उर्दू, बाजारात मराठी. एकाच वस्तूला तीन नावे झाली की गोंधळ उडतो. ज्या जागी काम करायचे तिथे जो शब्द चालतो तोच पहिल्या दिवसापासून वापरावा. बेकरीत ‘पाकीट’ म्हणतात, तर घरीही पाकीटच म्हणायचे, ‘पुडा’ नको, ‘थैली’ नको.

सर्वात अवघड असते ते मदत काढून घेणे. हाताला धरून दाखवलेली मदत सुटते, बोटाने केलेली खूणही सुटते. तोंडी मदत मात्र चिकटून बसते. त्याची अम्मी मायेने प्रत्येक पायरीला बोलायची, “हां बेटा, अब लेबल डालो.” काही दिवसांनी लक्षात आले की तो लेबल हातात धरून आवाजाची वाट बघतो. तक्ता समोर असून उपयोग नव्हता, अम्मीचा आवाज हाच त्याचा तक्ता झाला होता. मग ठरले की अम्मीने त्याच्या समोर बसायचे नाही, मागे बसायचे, आणि तो थांबला तरी लगेच बोलायचे नाही. तिने स्वतःच युक्ती काढली. हातात तसबीह घेतली. तो अडला की दहा मणी फिरवायचे, तरी पुढे सरकला नाही तर तक्त्याकडे बोट करायचे, शब्द नाही. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या मण्यापर्यंत त्याचा हात आपोआप पुढे जायचा. मग खुर्ची एकेक हात मागे गेली, मग दाराबाहेर, मग बेकरीच्या ओट्यावर, आणि शेवटी घरी.

याची कसोटी लवकरच लागली. अम्मीचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले आणि ती आठ दिवस इस्पितळात होती. घरात बाकी सगळे कामावर. मुलगा रोज नऊला निघाला, बेकरीत गेला, चारला परतला. तिसऱ्या दिवशी मात्र दुपारी लाईट गेली, मशीन बंद पडले आणि तो हातात पाकीट धरून पाऊण तास तसाच उभा राहिला. कुणाला हाक मारायची हे तक्त्यात नव्हते. आता आहे. ‘लाईट गेली तर’, ‘पिशव्या संपल्या तर’, ‘पोटात दुखले तर’ अशी तीन कार्डे टेबलाला लटकलेली असतात. ज्याचे कार्ड त्याने काढून चाचांच्या हातात द्यायचे. मदत मागता येणे हाही स्वावलंबनाचाच भाग आहे, हे शिकवण्याच्या यादीत आधीपासून हवे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी तर ही कार्डेच जीभ असतात.

काम सोपे, सुट्टी अवघड

काम हातात असेपर्यंत ठीक चालते. गडबड होते ती मधल्या वेळात. चहाच्या सुट्टीत काय करायचे, कुणाशेजारी बसायचे, किती वेळ, याला नियम नसतो. बेकरीतले दोन तरुण कारागीर त्याला सिनेमातले संवाद शिकवून म्हणायला लावायचे आणि हसायचे. तोही त्यांच्याबरोबर हसायचा, कारण हसायची वेळ आहे एवढे त्याला कळत होते. चाचांनी दोघांना बाजूला घेऊन दम भरला. आता त्याच्या सुट्टीचाही तक्ता आहे. हात धुणे, चहा, दोन बिस्किटे, ओट्यावर बसून पाच मिनिटे मोबाइल, मग काम. मिक्सर सुरू झाला की तो कान दाबायचा. त्याला कानावर लावायचे संरक्षक कव्हर आणून दिले आणि टेबल भट्टीपासून लांब, मागच्या दाराशी हलवले. एवढाच खर्च झाला.

मालकांनी बोलण्याची पद्धतही बदलावी लागते. ‘जरा बघून घे’, ‘पटापट आवर’, ‘तिकडचे पण करून टाक’ ही वाक्ये त्याला कळत नाहीत. ‘दोन क्रेट टोस्ट भर, मग चहा’ हे कळते. आम्हाला वाटते, असे बोलले तर इतर कारागिरांचेही भलेच होईल.

नमाजच्या वेळांचा या मुलांना मोठा आधार असतो. दिवसाचे पाच खांब पक्के, त्याला जुहरची जमात म्हणजे अर्धा दिवस संपला हे नेमके कळते. जुम्म्याच्या दिवशी वेळ वेगळी असते, म्हणून शुक्रवारचा तक्ता वेगळ्या रंगाचा आहे. पण रमजान आला की सगळेच उलटते. बेकरीचे काम रात्रीवर जाते, चहाची सुट्टी नाहीशी होते, बाजारात गर्दी आणि भोंगे, घरात सेहरीचा गलका. पहिल्या रमजानमध्ये तो चौथ्या दिवशी काम टाकून घरी पळाला आणि आठवडाभर गेला नाही. पुढच्या वर्षी शाबान महिन्यातच रमजानचा तक्ता तयार केला, रोज संध्याकाळी त्याला दाखवला, आणि चंद्र एक दिवस मागेपुढे होऊ शकतो म्हणून पहिल्या दिवसाची दोन पाने केली. रोजा किती आणि कसा, हे ज्याच्या-त्याच्या समजुतीवर आणि प्रकृतीवर अवलंबून आहे. ते आलिम आणि डॉक्टर या दोघांना विचारून ठरवावे.

सवाब आणि मजुरी

पहिल्या महिन्याच्या शेवटी चाचांनी त्याला मिठाईचा डबा आणि एक नवा कुर्ता दिला. हेतू नेक होता. मजुरीचे विचारले तेव्हा ते म्हणाले, “मैं ने तो सवाब के लिए रखा है.” आम्ही त्यांना आदराने एवढेच विचारले की जी खारी त्याने भरली ती गिऱ्हाइकाला सवाबसाठी विकली का? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची शिकवण त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होती. ते हसले. आता त्याला क्रेटमागे तोच दर मिळतो जो इतरांना मिळतो. तो कमी क्रेट भरतो, म्हणून पैसे कमी होतात. पण दर एकच. ‘अशा मुलांना’ काम देणे म्हणजे उपकार, ही भावना जितकी गोड तितकीच घातक आहे, कारण उपकार करणारा केव्हाही हात काढून घेतो.

मजुरी आली की तिचा प्रश्न येतो. त्याच्या थोरल्या भावाचे म्हणणे होते की पैसे माझ्याकडे द्या, त्याला काय कळते. कुरआनच्या सूरह निसामध्ये ज्यांना मालमत्तेचा व्यवहार समजत नाही त्यांच्याविषयी आदेश आहे. त्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नये हे आपण लक्षात ठेवतो, पण त्याच आयतीत त्यांचे अन्नवस्त्र त्यातून चालवावे आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलावे हेही आहे, ते विसरतो. आणि व्यवहार समजत नाही हे आधी शिकवून बघितल्यावरच ठरवता येते. या मुलाला दहा आणि वीसचे नाणे ओळखता येते, पन्नासची नोट देऊन चहा आणता येतो, पाचशेचा हिशेब येत नाही. म्हणून खाते त्याच्या नावाचे, पैसे त्यात जमा, आणि दर शनिवारी त्याच्या हातात दहा-दहाच्या नोटा. त्या तो कशावर उडवतो हे विचारायचे नाही. सध्या तो घड्याळाचे पट्टे घेतो. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय मात्र त्याच्या फोनवर ठेवलेली नाही, कारण बेकरीतल्या एका पोऱ्याने त्याच्याकडून दोनदा रिचार्ज करून घेतला होता. कुणी पैसे मागितले तर ‘अम्मी को पूछो’ हे वाक्य त्याला पाठ करून दिले आहे.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि आपल्या घरांत त्यावर बोलणे होत नाही. आमची एक विद्यार्थिनी साडीला फॉल-पिको करते, दुपट्ट्यांच्या कडा शिवते. हात अत्यंत सफाईदार, फक्त जॉर्जेटचा स्पर्श सहन होत नाही म्हणून ते कापड तिला द्यायचे नाही. ती घरूनच काम करते. त्यात गैर काही नाही, पण घर म्हणजे कामाची जागा होत नाही. तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळे टेबल, ठरलेले तास आणि गिऱ्हाइकांची वही ठेवली, तेव्हाच तिचे काम घरच्यांच्या लेखी काम झाले. नाहीतर पिको करताकरता ‘जरा भाकऱ्या टाक’ चालूच होते. गिऱ्हाइक दारात येणार, म्हणून शरीराच्या सुरक्षिततेचे धडे आधी द्यावे लागले. कुणी कुठे हात लावायचा नाही, लावला तर कसे ओरडायचे, कुणाला सांगायचे. हे चित्रांवरून, स्पष्ट शब्दांत, आणि पुन्हा पुन्हा. जिला आयुष्यभर ‘मोठ्यांचे ऐक’ एवढेच शिकवले, तिला ‘नाही’ म्हणायला वेगळे शिकवावे लागते. मुलांनाही लागते.

इतरत्र काय चालते

अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. 1947 चा जन्म, जवळजवळ चार वर्षांपर्यंत बोलणे नाही. त्यांच्या आईने तेराव्या वर्षी त्यांना एका शिंपिणीकडे कामाला लावले. पुढे वसतिगृहाच्या शाळेत त्या घोड्यांचे तबेले साफ करत. आज त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. सगळीच मुले प्राध्यापक होणार नाहीत, हे सांगायला नको. लक्षात घ्यायचे ते तेरावे वर्ष. अठराची वाट बघू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाने शेजारच्या दुकानातून रोज दूध आणणे, मशिदीच्या वजूखान्यात टोप्या नीट लावणे, ही सुरुवातच आहे.

1996 मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या इस्पितळात ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झाला. त्यात शाळेचे शेवटचे वर्ष वर्गात न काढता थेट कामाच्या ठिकाणी काढतात, एका विभागातून दुसऱ्या विभागात अनुभव घेत. तत्त्व असे की जिथे काम करायचे तिथेच शिकवावे, कारण वर्गात शिकलेले दुकानात नेऊन वापरणे हीच या मुलांची अडचण असते. आम्हालाही तेच दिसले. घरच्या टेबलावर पक्के झालेले काम बेकरीत पहिले चार दिवस जणू पुसले गेले होते. आणि पिशवीचा रंग निळ्याचा लाल झाला तेव्हा पुन्हा दोन दिवस.

आपल्या देशात दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था मेरी बरुआ यांनी 1991 मध्ये सुरू केली. त्या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई. मुंबईत जुहूला ‘कॅफे अर्पण’ आहे, तिथे ऑटिझम, डाउन सिंड्रोम आणि बौद्धिक अक्षमता असलेले तरुण-तरुणी पदार्थ बनवतात आणि वाढतात. कधी मुंबईला गेलात तर मुलाला घेऊन जा. त्याच्यासारखाच कुणीतरी ऑर्डर घेताना त्याला दिसेल, आणि तुम्हालाही. आपल्या लहान गावांत असे काही नाही, पण बेकरी आहे, पॉवरलूमच्या कांड्या भरायच्या असतात, पुस्तकबांधणी आहे, मसाल्याचे कांडप आहे, अत्तराच्या बाटल्यांवर लेबल लावायचे असते. मोहल्ल्यात ओळखीने काम मिळते, ही आपली जमेची बाजू आहे.

ज्यांना आयुष्यभर मोठा आधार लागेल, अशीही मुले आहेत. त्यांच्या आई-बापांनी वरचे वाचून खंतावू नये. एक पायरी जरी त्यांच्या हातून पूर्ण होत असेल, तरी ती त्यांचीच राहू द्यावी. घरातल्या सगळ्यांची पादत्राणे जुम्म्याला ओळीने लावणारा एक मुलगा आम्हाला माहीत आहे. तो ते काम दुसऱ्या कुणालाही करू देत नाही.

कागदपत्रांचे आता. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्यावे. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आहेत. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावे लागते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

आणि एक गोष्ट जी बहुतेक आई-बापांना ठाऊक नसते: मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळणे खरोखर शक्य नाही, त्याच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. अर्ज करण्याआधी मात्र घरात बसून ठरवा, की कोणत्या बाबतीत त्याला पालक हवा आणि कोणत्या बाबतीत नको. बेकरीतल्या मुलाच्या घरी असे बसणे झाले. घर आणि जमिनीच्या व्यवहाराला पालक हवा, यावर सगळ्यांचे एकमत झाले. मजुरीच्या खात्यावरून थोरला भाऊ आणि अम्मी यांचे अजून पटलेले नाही.